नागपूरचा फुटबॉलपटू वाटेत कोठे हरवतो?

सक्करदरा हा नागपूरचा भाग बाहेरच्यांना ठाऊक असलाच तर भोसलेकालीन तलावामुळे, किंवा दर बुधवारी भरणाऱ्या बाजारामुळे. या वस्तीत आणि तिच्या पलीकडे मानेवाडा-दिघोरीपर्यंत पसरत गेलेल्या ले-आउटांमध्ये जे थोडे मोकळे भूखंड अद्याप उरले आहेत, त्यांवर सायंकाळी ऊन कलल्यावर मुले चेंडू खेळताना दिसतात. क्रिकेट अर्थातच अधिक. तथापि फुटबॉल खेळणाऱ्यांची संख्याही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. त्यांत बारा वर्षांचा एखादा मुलगा असा असतो की, चेंडू त्याच्या पायाशी आला म्हणजे बाकीची मुले क्षणभर थांबून पाहतात. हा मुलगा वयाच्या विसाव्या वर्षी भारताची निळी जर्सी अंगावर चढवू शकेल काय, आणि चढवायची असेल तर मधल्या आठ वर्षांत नेमके काय काय घडावे लागेल, याचा शोध घेतला तर भारतीय फुटबॉलच्या अपयशाबद्दल सामान्यतः जे बोलले जाते त्यापेक्षा निराळेच चित्र समोर येते.

सामान्यतः जे बोलले जाते ते असे : एकशेचाळीस कोटींच्या देशाला अकरा खेळाडू सापडत नाहीत, कारण निवड करणारे आंधळे आहेत, किंवा पक्षपाती आहेत, किंवा आपली शरीरयष्टीच या खेळाला अनुकूल नाही. यांतील शेवटचे कारण तर सपशेल खोटे आहे. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवणारा आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा येणारा संघ याच देशाचा होता. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर एकट्याने तीन गोल चढवणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा होता. निवड समित्यांबद्दल बोलायचे तर त्यांचे दोष मान्य करूनही असे म्हणावे लागते की, निवड ही साखळीची अखेरची कडी आहे. निवडण्याजोगा खेळाडू त्या टेबलापर्यंत पोहोचलाच नाही, तर समितीत देवदूत बसवूनही उपयोग नाही. सक्करदऱ्याचा मुलगा हरवतो तो बारा आणि सतरा या वयांच्या दरम्यान. याचे कारण असे की, या पाच वर्षांत त्याला खेळात टिकवून ठेवण्यात त्याच्या गावात कोणाचाही आर्थिक हितसंबंध गुंतलेला नसतो.

नागपूरला फुटबॉल नवा नाही. शेजारच्या कामठीत १८२१ पासून लष्करी छावणी आहे, आणि छावणीच्या गावात हा खेळ रुजला तो आजतागायत. कामठीचा रब्बानी क्लब किंवा शहरातील यंग मुस्लिम आणि राहुल क्लब ही नावे येथील जुन्या प्रेक्षकांना सांगावी लागत नाहीत. अलीकडे नागपूरच्या फुटबॉलचे नाव देशभर झाले ते मात्र निराळ्या मार्गाने. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा विषय शिकवणारे विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांना घेऊन ‘स्लम सॉकर’ हा उपक्रम उभारला; त्यावरून प्रेरणा घेऊन नागराज मंजुळे यांनी काढलेला ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. या उपक्रमाची थोरवी वादातीत आहे, आणि ‘फिफा’ने २०१६ मध्ये त्याला आपला विविधता पुरस्कार देऊन ती मान्यही केली. पण त्याबरोबर एक गैरसमजही पसरला. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या पुष्कळांना असे वाटले की झोपडपट्टीतील मुलगा थेट भारतीय संघात पोहोचतो. प्रत्यक्षात ती मुले जातात ती ‘होमलेस वर्ल्ड कप’ या स्पर्धेत. तेथे एका बाजूला मैदानावर चार खेळाडू असतात, सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो, आणि एका खेळाडूला आयुष्यात एकदाच भाग घेता येतो. माणूस सावरणे हे त्या स्पर्धेचे ध्येय आहे आणि ते ती उत्तम साधते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या अकरा जणांच्या संघाकडे जाणारी वाट ती नव्हे.

ती वाट वस्तुतः दोन जिन्यांची आहे. पहिला जिना शाळेचा. शासनाच्या क्रीडा खात्यामार्फत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा होतात. महानगरपालिका क्षेत्र किंवा जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि त्यानंतर राष्ट्रीय शालेय स्पर्धा असा त्याचा चढ आहे. १९६० पासून दिल्लीत भरणारी सुब्रतो चषक स्पर्धाही याच जिन्यावरची. दुसरा जिना क्लबाचा : मुलाने क्लबात नाव घालावे, जिल्हा संघटनेच्या संघात यावे, तेथून वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या निवड चाचणीत उतरून महाराष्ट्राच्या सबज्युनियर किंवा ज्युनियर संघात शिरावे, आणि राष्ट्रीय स्पर्धेत महासंघाच्या निरीक्षकांच्या नजरेत भरावे. दोन्ही जिने एकाच घरात आहेत, पण एकाच्या पायऱ्यांचा दुसऱ्याच्या पायऱ्यांशी काही संबंध नाही. शाळेच्या जिन्यावर राज्यापर्यंत चढलेल्या मुलाची नोंद क्लबाच्या जिन्यावर आपोआप होत नाही. २०२३ मध्ये भुवनेश्वर येथे ‘फिफा’ आणि महासंघ यांची संयुक्त अकादमी सुरू झाली. आर्सेन वेंगर स्वतः तिच्या उद्घाटनाला आले होते. अशा ठिकाणी घेतली जाणारी मुले तेरा-चौदा वर्षांची असतात. म्हणजे पहिल्या एक-दोन पायऱ्यांवरच ज्याचे नाव कोणाच्या वहीत आले नाही, त्याच्या दृष्टीने हे दार उघडण्यापूर्वीच बंद झालेले असते.

शालेय स्पर्धा बाद पद्धतीने खेळल्या जातात. तिचे अंकगणित कोणी कागदावर मांडून पाहत नाही, म्हणून येथे मांडणे इष्ट ठरेल. चौसष्ट शाळांचे संघ उतरले असे धरू. विजेता ठरेपर्यंत एकूण ६३ सामने होतात. पहिल्या फेरीत ३२ संघ एक सामना खेळून घरी जातात, दुसऱ्या फेरीत आणखी १६ संघ दोन सामने खेळून जातात. म्हणजे ६४ पैकी ४८ संघांच्या वाट्याला वर्षभरात जास्तीत जास्त दोन सामने येतात. सरासरी तर दोनहूनही किंचित कमी पडते. शालेय सामना पूर्ण नव्वद मिनिटांचाही नसतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या वर्षभराच्या अधिकृत खेळाचा हिशेब अशा रीतीने दोन तासांच्या आसपास येऊन थांबतो, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला तर एका तासावरच. याउलट दहा संघांची परस्परांशी दोनदा गाठ घालून देणारी साधी साखळी स्पर्धा भरवली, तर प्रत्येक संघाला अठरा सामने मिळतात. मुले तीच, मैदान तेच, शिट्टी वाजवणाराही तोच. फरक फक्त वेळापत्रकाचा. बाद पद्धत का टिकते याचे उत्तर मात्र सरळ आहे : ती स्वस्त आहे, चार दिवसांत आटोपते, आणि विजेत्याचे नाव वरच्या कार्यालयाला कळवले की यंत्रणेचे काम संपते. विजेता ठरवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. खेळाडू घडवणे हे तिचे उद्दिष्ट नाहीच.

सामने थोडे असले म्हणजे निवडही चाचणीच्या एका दिवसावर येऊन पडते. शेकडो मुले एका मैदानावर जमतात, त्यांचे संघ पाडले जातात, आणि काही मिनिटांच्या खेळावरून कोण राहणार व कोण परतणार हे ठरते. वर्षभर साखळीत खेळणाऱ्या मुलाचे गुणदोष दहा जणांनी दहा वेळा पाहिलेले असतात. चाचणीला आलेल्या मुलाची तीच एक संधी. अशा घाईत डोळ्यांना सर्वांत आधी काय दिसते? उंची, ताकद आणि वेग. तेरा वर्षांच्या वयात या तिन्ही गोष्टी कौशल्यापेक्षा जन्माच्या महिन्यावर अधिक अवलंबून असतात. आंतरराष्ट्रीय वयोगटांची रेषा १ जानेवारीला आखलेली असते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला मुलगा पात्र होता. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला असे दोघे एकाच गटात, जवळजवळ एक वर्षाच्या अंतराने, समोरासमोर येतात. वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेली मुले निवडक संघांत प्रमाणाबाहेर आढळतात हे अनेक देशांत दिसून आले आहे. आपल्याकडे त्यात आणखी एक गुंता आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेल्या माणसांची महाराष्ट्रात एक पिढीच्या पिढी आहे. मुख्याध्यापकांच्या सोयीने जन्मलेली ही माणसे आज आजोबा झाली असली, तरी दाखल्यावरील वय सोयीने ठरते ही समजूत खेळाच्या क्षेत्रात अजून पुरती गेलेली नाही. मनगटाच्या हाडाची तपासणी सुरू झाल्यापासून तिला आळा बसला हे खरे. पण त्या तपासणीने फसवणूक पकडता येते. डिसेंबरात जन्मलेल्या प्रामाणिक मुलाची उंची काही वाढत नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरात भारतात झालेल्या त्या विश्वचषकाचा दाखला येथे अधिक बारकाईने घेण्यासारखा आहे. यजमान म्हणून भारताला प्रथमच या स्पर्धेत स्थान मिळाले. दिल्लीत झालेले तिन्ही सामने आपण हरलो : अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध भारताचा पहिला आणि एकमेव गोल करणारा जीक्सन सिंग मणिपूरचा, कर्णधार अमरजितसिंग कियामही मणिपूरचा. एकवीस जणांच्या त्या चमूत आठ मुले एकट्या मणिपूरची होती. २०११ च्या जनगणनेनुसार मणिपूरची लोकसंख्या सुमारे साडेअठ्ठावीस लाख आणि नागपूर शहराची सुमारे चोवीस लाख. म्हणजे नागपूरहून थोड्याशाच मोठ्या असलेल्या एका डोंगरी राज्याने देशाच्या संघाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग पुरवला, आणि नागपूरमधून एकही मुलगा नव्हता. हा फरक बुद्धीचा नव्हे आणि रक्ताचाही नव्हे. मणिपूरमध्ये गावोगावच्या क्लबांचा खेळ आहे. नेरोका आणि ट्राऊ हे इंफाळचे क्लब पुढे आय-लीगपर्यंत पोहोचले. शिवाय तेथील मुलगा बाहेरच्या अकादमीत जातो तो एकटा जात नाही. अमरजित आणि जीक्सन हे दोघे नात्यातले, आणि दोघांचीही वाट चंदीगडच्या अकादमीतून गेली. अर्थशास्त्रात स्थलांतराच्या ज्या साखळीचे वर्णन केले जाते, कोकणातून मुंबईच्या गिरण्यांकडे माणसे गेली ती जशी, तशीच ही साखळी आहे : आधी गेलेला भाऊ किंवा शेजारी तेथे असतो, खाणेपिणे कसे आहे ते सांगतो, आणि आईची भीती कमी होते. नागपूरहून अशी पहिली कडीच गेलेली नाही.

त्या चमूत मराठी नावे दोन होती. एक अनिकेत जाधव, कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा. दुसरा नमित देशपांडे, अमेरिकेत वाढलेला. कोल्हापूर हे तर फुटबॉलवेडे शहर. तेथे तालमींचे संघ आहेत, पाटाकडील तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरते, पेठापेठांत वैर जागते. तरीसुद्धा अनिकेतला वर नेणारा जिना कोल्हापुरात नव्हता. बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत लहान वयातच जाऊन राहिल्यानंतर त्याची पुढची वाट मोकळी झाली, आणि २०२२ मध्ये तो वरिष्ठ राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचला. हजारो प्रेक्षक असलेल्या गावाची ही स्थिती, तर सक्करदऱ्याची काय कथा! त्या विश्वचषकानंतर महासंघाने एक शहाणपणाची गोष्ट केली हेही नमूद केले पाहिजे. त्या मुलांना एकत्र ठेवून ‘इंडियन ॲरोज’ या नावाने २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये उतरवले. या मुलांना सामने हवेत हे वरच्यांना उमगले होते, असाच त्याचा अर्थ. पण २०२२ मध्ये तो संघही मोडला.

आता हितसंबंधांकडे वळू. एके काळी हा खेळ नोकरीच्या आधारावर उभा होता. रेल्वे, बँका, पोलीस, टाटा आणि मफतलालसारख्या संस्था यांचे संघ होते; चांगला खेळणाऱ्याला कायमची नोकरी मिळे आणि गुडघा निकामी झाला तरी पगार चालू राही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत तो एक विमा होता, आणि त्याचा हप्ता संस्था भरत असे. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. वरच्या खेळाडूंना पूर्वी स्वप्नातही नव्हते असे मानधन मिळू लागले, पण विमा गेला. धोका आता सर्वस्वी कुटुंबाने पत्करायचा. त्यातून महाराष्ट्रातील क्लबांचे आयुर्मान पाहावे : महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम जगला, पुणे एफसी, मुंबई एफसी, डीएसके शिवाजियन्स एकामागून एक नाहीसे झाले, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. हे सारे मुंबई-पुण्याचे. विदर्भाच्या वाट्याला सर्वोच्च लीगमधला क्लब कधी आलाच नाही, म्हणून त्याच्या मरणाचे दुःखही आले नाही.

अशा स्थितीत दहावीच्या उंबरठ्यावर मुलाचा खेळ सोडवणारा बाप अडाणी ठरत नाही, तो उत्तम हिशेबी ठरतो. चाचणी मुंबईला असेल तर आठशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास, दोन रात्री, आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली रोजी. मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुलसुद्धा सक्करदऱ्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला. बदल्यात हाती काय? परीक्षेतील क्रीडागुणांची सवलत आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण. पण या दोन्ही लाभांचे चलन प्रमाणपत्र हे आहे, खेळ नव्हे. ज्या चलनाला खेळापेक्षा अधिक मोल येते त्याची बनावट नाणीही निघतात, आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे या राज्यात उघडकीस आलेलीच आहेत.

क्लबाची बाजू तर याहून बिकट. बारा वर्षांच्या मुलाला शिकवणारा वस्तीतला प्रशिक्षक चेंडू पदरच्या पैशाने आणतो, बूट कोणाकडून तरी मागून आणतो. मुलगा वर गेला की प्रशिक्षकाच्या वाट्याला अभिमानाखेरीज काही उरत नाही. जगात यावर एक तोडगा २००१ पासून अमलात आहे. ‘फिफा’च्या नियमानुसार एखादा व्यावसायिक खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबाकडे गेला, तर हस्तांतराच्या रकमेचा पाच टक्के भाग त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो : १२ ते १५ या वर्षांसाठी दरसाल पाव टक्का, पुढे दरसाल अर्धा टक्का. एक कोटीच्या व्यवहारात पहिल्या चार वर्षांच्या क्लबाला एक लाख रुपये मिळतात. वस्तीतल्या क्लबाचा एवढ्या रकमेत एक हंगाम निघेल. भारतात मात्र हा झरा कोरडा आहे. येथील खेळाडू परदेशी क्लबांकडे क्वचितच जातात, देशांतही बहुतेक जण कराराची मुदत संपल्यावर विनामूल्य क्लब बदलतात, आणि शून्याचे पाच टक्के शून्यच. शिवाय वाटा मागायचा तर मुलगा बाराव्या वर्षी अमुक क्लबात होता याची नोंद हवी. वस्तीतल्या मैदानावर हजेरीपटसुद्धा नसतो.

म्हणून आरंभ तेथूनच करावा लागेल. मुलगा बारा वर्षांचा झाला की क्लबासह आणि तारखेसह त्याचे नाव महासंघाच्या नोंदणीत जावे, शाळेच्या स्पर्धेत खेळला तरी त्याच क्रमांकाने खेळावा, म्हणजे दोन्ही जिने एका वहीत येतील. हस्तांतराचा पैसा येथे नाही, तर त्याची जागा शासनाने भरावी : नोंदलेला मुलगा राज्याच्या किंवा देशाच्या कोणत्याही वयोगटाच्या संघात निवडला गेला की त्याला घडवणाऱ्या क्लबाला ठरावीक रक्कम द्यावी. विजेत्या खेळाडूंवर सत्कारसमारंभांत उधळल्या जाणाऱ्या बक्षिसांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ असेल. या रकमेच्या आशेने क्लब मुलाला सोळाव्या वर्षी सहजासहजी सोडणार नाही. त्याच्या बापाशी जाऊन बोलेल, शिकवणीच्या वेळा जमवील. यात खोट्या नोंदी होण्याचा धोका आहेच. पण खोटी नोंद करणाऱ्या क्लबाला मुलगा निवडून येईपर्यंत छदामही मिळणार नाही, आणि निवड खोटी करणे हे प्रमाणपत्र खोटे करण्याइतके सोपे नाही.

उरला प्रश्न सामन्यांचा. चौदा वर्षांखालील दहा क्लबांच्या साखळीला नव्वद सामने लागतात. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पावसाळ्यात काळ्या मातीच्या मैदानात पाऊल रुतते. तेव्हा ऑक्टोबर ते मार्च हेच सहा महिने हाताशी राहतात. दर शनिवार-रविवारी चार सामने घेतले तरी नव्वद सामने तेवीस आठवड्यांत बसतात. अडचण येते ती मैदानाची, कारण नेमक्या याच महिन्यांत रेशीमबागेसारखी मैदाने प्रदर्शने आणि सभा यांना दिली जातात आणि मंडप निघाल्यावर खिळे व खड्डे मागे राहतात. नागपूर सुधार प्रन्यास आणि महानगरपालिका यांच्या मालकीच्या मैदानांपैकी दक्षिण-पूर्व नागपुरात एक, आणि कामठी रस्त्याच्या बाजूला एक, अशी दोन मैदाने शनिवार-रविवारच्या सकाळी सहा ते दहा या वेळेत मुलांच्या साखळीसाठी राखून ठेवण्याचा ठराव करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. भाडे बुडेल ते आठवड्यातील आठ तासांचे, आणि त्या वेळी मंडपवाल्यांनाही मैदान सहसा नको असते.